दहापैकी किती, काकाजी?

काकाजी, तुमच्या तेरवीचं जेवण चांगलं झालं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता. बुंदी जरा जास्त गोड होती. वांग्याची भाजी मात्र अशी झणझणीत, की अर्धी पंगत नाक पुसत होती आणि कोण रडतंय नि कोणाला तिखट लागलंय हे कळायला मार्ग नव्हता. कॉलेजातले तुमचे जुने पोट्टे आले होते. कोणी ग्रामसेवक झालाय, कोणाचं औषधाचं दुकान आहे, एक जण इतवारीत टेम्पोचा धंदा करतो. प्रत्येकाकडे तुमचा एक किस्सा होता. काकू दाराशी बसून ऐकत होत्या आणि दर किश्शानंतर म्हणत होत्या, "हे मले कधी सांगतलं नाई वं त्याईनं."

मी काहीच सांगितलं नाही. माझा किस्सा लांब आहे, आणि त्यातला बराचसा भाग दवाखान्यात घडतो. पंगतीत सांगण्यासारखा नाही. म्हणून नागपुरात सक्करदऱ्याच्या माझ्या खोलीवर परत आले आणि लिहायला बसले.

मी तुमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आले ती अकरावीत. माझे बाबा विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायची. नरखेड तालुक्यात त्या कामाला तोटा नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी सायन्स घेणार म्हटल्यावर बाबांनी विचारलं होतं, "त्यात काय करते?" मलाही माहीत नव्हतं.

शिकवायला सर होते आणि चांगले होते. तुमचं पद परिचराचं. काचनळ्या धुवायच्या, बर्नर पुसायचे, रसायनं काढून ठेवायची. पण बाटल्यांवरची इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत, हे सरांना कधीच कळलं नाही आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. सोमवारी आले तर प्रत्येक बाटलीच्या पाठीवर मराठीत लिहिलेली चिठ्ठी. तुमची स्वतःची शाळा सातवीला सुटलेली, अक्षर मात्र पाटीवर गिरवल्यासारखं.

"मागून वाच, पुढून पाठ कर," तुम्ही म्हणालात. "महिन्याभरानं चिठ्ठ्या काढून टाकीन. मंग रडू नोको."

महिन्याभराने खरंच काढल्यात, आणि मी रडले नाही. बारावीत रविवारीही तुम्ही माझ्यासाठी कुलूप उघडायचात. बाबांना बाजारात गाठून तुम्हीच सांगितलंत, "गजाननराव, तुमची पोट्टी बर्नर पेटवताना भीत नाई. हिले नागपूरले पाठवा." बाबांनी पाठवलं. मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, मग नागपुरातल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात नोकरीला लागले. उपचारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना मदत करायची, पेशंटच्या नोंदी ठेवायच्या, ते माझं काम. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही दोन खाल्लेत, तिसरा खिशात घातलात आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं म्हणालात, "हिचं सॉल्ट म्या सांगतलं होतं."

आता हे सॉल्टचं प्रकरण वाचणाऱ्यांना सांगायलाच हवं. रागावू नका, तुम्ही आता निवृत्तीच्याही पलीकडे आहात. बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पुडी मिळायची, तिच्यातली पांढरी भुकटी कशाची आहे हे वेळेत ओळखायचं. पुड्या तुम्हीच भरायचात. मग पाण्याचा जग हातात घेऊन बाकांमधून फिरायचात आणि ओठ न हलवता एकेकाला नाव सांगत जायचात. याला कोणी कॉपी म्हणत नसे. गरिबाघरची पोरं आहेत, एका भुकटीपायी वर्ष कशाला जावं, एवढाच तुमचा हिशेब. माझ्या बाकाशी येऊन तुम्ही म्हणालात, "अमोनियम क्लोराइड," आणि पुढे गेलात. मला तीसपैकी तीस पडले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पासाचं मूळ तुम्ही त्या दोन शब्दांत शोधलंत.

तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही, याची मला अजून लाज वाटते. खांद्यावर पंचा, हातात मोसंबीची पिशवी, बाजूला काकू. तुम्हीच हाक मारलीत, "काहून वं वैशाली, मोठी झाली तं काकाजी दिसत नाई काय?" पाठ दुखते म्हणून वर्षभर तुम्ही बाम चोळत होता. आम्लाचे बुधले उचलून उचलून कंबर गेली, असं सगळ्यांना सांगत होता. तपासण्या झाल्या. कॅन्सर पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, आणि तिथून तो हाडांत गेलेला. हाडांच्या स्कॅनवर कण्यावर, खुब्यावर, दोन फासळ्यांवर काळे ठिपके. फिल्म उजेडासमोर धरून तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात आणि म्हणालात, "शाई सांडल्यावानी दिसून राह्यलं."

आमच्या डॉक्टर मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि तुम्हाला नीट समजावून सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात जुनं खरवडणाऱ्या पेशी असतात आणि नवं भरणाऱ्या असतात, दोघींचं काम आयुष्यभर मिळून चालतं. कॅन्सरच्या पेशी तिथे पोचल्या की हा मेळ बिघडवतात. खरवडणाऱ्यांना जास्त खरवडायला लावतात, भरणाऱ्यांना भलत्या जागी कसंतरी भरायला लावतात आणि मोडतोडीतून जे सत्त्व सुटतं त्यावर स्वतः पोसतात.

"म्हणजे आपलेच मजूर फोडले म्हणा ना," तुम्ही म्हणालात.

मॅडम हसल्या. मग त्यांनी इंजेक्शनबद्दल सांगितलं. हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर वाढतो, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन ते संप्रेरक बंद ठेवायचं. तुम्ही मान डोलावलीत. "ताण देऊन राह्यले त्याले." मॅडमना कळेना. मी सांगितलं, की आमच्याकडे संत्र्याच्या झाडांचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. तुम्ही लगेच पुढची शंका काढलीत, "पण मॅडम, ताण सोसायची सवय झाली तं?" होते, काही काळाने सवय होते, मग दुसरं औषध शोधायचं, असं त्यांनी खरं तेच सांगितलं. जो प्रश्न शिकलेले लोक चौथ्या भेटीत विचारतात, तो तुम्ही पहिल्या दिवशी विचारलात. त्या दिवसापासून मॅडम आमच्या भागातल्या प्रत्येक पेशंटला 'ताण' हाच शब्द वापरून समजावतात.

हाडं घट्ट ठेवणारं सलाईन सुरू करायच्या आधी तुम्हाला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. "दुखते कंबर अन् पाहून राह्यले दात! बैल इकत घेऊन राह्यले काय मले?" त्या औषधाने क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते, म्हणून किडलेले दात आधीच काढून टाकतात, हे मी समजावलं. दोन दात गेले. नंतर ते कागदात गुंडाळून मला दाखवायला आणलेत. का, ते तुम्हालाच माहीत.

मग खुब्यावर किरणोपचार झाले, दुखणं कमी करण्यासाठी. इथून आपलं भांडण सुरू होतं.

हाडाच्या दुखण्यावर किरण एकदाच द्यावेत की थोडे थोडे अनेक दिवस, गावाहून येणाऱ्या माणसाला काय जास्त सोयीचं आणि उपयोगाचं, याचा अभ्यास मॅडम करत होत्या. त्यासाठी प्रत्येक पेशंटला मी एक वही द्यायची. रोज संध्याकाळी त्याने दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. कागदावर सही करून तुम्ही स्वखुशीने यात आलात. वही घेताना विचारलंत, "हे तुह्या कामाचं आहे काय?" मी म्हटलं, "हो काकाजी, माझ्याच कामाचं."

ते वाक्य मी बोलायला नको होतं.

तुमची वही म्हणजे माझा अभिमान होता. आठ, सात, पाच, चार, तीन, दोन, दोन, दोन. आलेख काढला तर घसरगुंडीसारखा सुरेख उतरत होता. बाकीचे पेशंट दिवस चुकवायचे, वहीवर चहा सांडायचे, एकाने तर मागच्या पानावर किराणा लिहिला होता. तुमची वही मी इतरांना नमुना म्हणून दाखवायची. सहा आठवडे दाखवली. मॅडम एकदा म्हणाल्या, "चालताना तर ते कमरेला हात लावतात. दोन कसं?" मी म्हटलं, "मॅडम, त्यांनी तीस वर्षं रीडिंग घेतलीत." किती ठसक्यात म्हटलं!

तो मंगळवार होता. तुम्ही सलाईनसाठी आला होता. तुम्ही मोसंबी सोलून वाटत होता आणि मी वही चाळत होते. सोमवार दोन. मंगळवार दोन. ठीक, आजचा आकडा सकाळीच टाकला असेल. बुधवार दोन. गुरुवार दोन. शुक्रवारी एक.

"काकाजी," मी म्हटलं, "शुक्रवारचं दुखणं आजच कसं समजलं तुम्हाला?"

तुम्ही मोसंबी सोलायचे थांबलात. काकूंनी तोंडावर पदर घेतला. त्यांना सगळं माहीत होतं.

"सवडीनं भरून ठेवलं," तुम्ही म्हणालात. "तिकडं घाईगडबड होते."

"म्हणजे मागचे आकडेही?"

"मागचे काही खरे आहेत."

"काही?"

"पहिल्या दोन दिवसाचे."

तुम्हीच माझी समजूत काढायला लागलात, अगदी रविवारी बर्नरपाशी काढायचात तशी. "हे पाह्य पोरी. तुह्या मॅडमनं इलाज केला. तू वही देली. आता आठाचे आठच राह्यले तं तुह्यं काम बिघडन का नाई? वरचे सायब ईचारतीन, पोट्टीनं काय केलं म्हणून. माह्या दोन आकड्यानं तुह्यं चांगलं होत असन तं माह्यं काय जाते?"

तेव्हा कळलं. तुमच्या दृष्टीने माझा हा अभ्यास म्हणजे बोर्डाची परीक्षा होती. उत्तर ठरलेलं, परीक्षक बाहेरचा आणि मी बाकावर बसलेली. तुम्ही पाण्याचा जग घेऊन आला होता, एवढंच.

"खरं सांगा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. "आज किती?"

"खुब्याचं कमी आहे, आईची आण. तीन-चार." मग जरा थांबून, "पण आठ दिवसापासून पाठीतून छातीकडं पट्टा आवळल्यावानी होते. खोकलो का जास्त. अन् पायाईले मुंग्या येतात."

तेवढ्यात काकू पदराआडून बोलल्या, "परवा रस्त्यानं चप्पल निघून पडली पायातली. याईले समजलंच नाई. मागचा माणूस घेऊन आला धावत."

तुम्ही हसलात. मी हसले नाही. हातातली वही खाटेवर टाकून मी मॅडमच्या खोलीकडे पळाले. कण्यातलं हाड फुगून किंवा खचून मज्जारज्जूवर दाब आला की नेमकं असंच होतं, हे मी इतर पेशंटना शंभरदा सांगितलं होतं. पाय जड झाले, मुंग्या आल्या, लघवी अडली, की त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. एकदा पाय गेले की बहुतेक वेळा परत येत नाहीत. तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावली होती, आणि तुमच्या डोलावण्यावर मी विश्वास ठेवला होता.

पुढचे तास तुम्ही पाठीवर सपाट पडून छताकडे पाहत घालवलेत. उठायची बंदी. सूज उतरवायचं औषध लगेच सुरू झालं, एमआरआय झाला, दाब होताच. ऑपरेशनचा विचार झाला, पण ठिकाणं जास्त होती. मॅडमनी किरणोपचाराच्या लोकांना थांबवून ठेवलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत पहिला डोस दिला गेला. स्ट्रेचर ढकलताना मी रडत होते आणि तुम्ही मामाला, म्हणजे स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला सांगत होता, "हळू ने गा. पोट्टीले पेपर अवघड जाऊन राह्यला."

आठ दिवसांनी फिजिओथेरपीच्या ताईंनी तुम्हाला उभं केलं. त्यांचा नि माझा खांदा धरून तुम्ही एक पाऊल टाकलंत, मग दुसरं. चप्पल घातलीत, काढलीत, पुन्हा घातलीत. "कळून राह्यली," तुम्ही म्हणालात. चपलेच्या अंगठ्याबद्दल बोलताय हे कळायला मला थोडा वेळ लागला.

तुम्ही चालत घरी गेलात. त्याआधी माझ्या टेबलाशी मात्र आलात, कारण भांडण बाकी होतं. तुमच्या सहा आठवड्यांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, असा शेरा मला लिहावा लागला होता आणि तो तुम्ही चष्मा लावून वाचलात.

"म्हणजे मी नापास?"

"काकाजी, इथं पास-नापास नसतंच. दुखणं कमी झालं नसेल तर तेच आम्हाला हवंय. पुढच्या माणसाला काय द्यायचं ते त्यावरून कळतं. तुम्ही लिहिलेले दोन आम्ही खरे मानले असते, तर उद्या दुसऱ्या कोणाला तोच उपचार दिला असता. आणि तुमचे पाय..."

"पाय आहेत ना?"

"तुमच्यामुळे नाही! चपलेमुळे!"

"मग म्या तुले सॉल्ट सांगतलं ते बी वाईटच म्हण," तुम्ही शांतपणे म्हणालात. "नसतं सांगतलं तं तू आज या खुर्चीवर असती काय?"

मी शेऱ्याचा कागद फाइलीत लावला. तुम्हाला वाटलं मी हरले.

उत्तर होतं माझ्याकडे. ते द्यायला मला आणखी चार महिने लागले. हाडांकडे जाणाऱ्या एका किरणोत्सारी औषधाबद्दल मॅडम बोलत होत्या. रेडियम. हाडाला ते कॅल्शियमच वाटतं, म्हणून जिथे घाईघाईने हाड बांधलं जातंय तिथे ते जाऊन बसतं आणि जवळच्या जवळ मारा करतं. तुम्ही लगेच म्हणालात, "वाटणारच. एकाच खांबातले आहेत. कॅल्शियम, खाली स्ट्रॉन्शियम, खाली बेरियम, खाली रेडियम." मॅडम तुमच्याकडे बघतच राहिल्या. तीस वर्षं तुम्ही दर शनिवारी प्रयोगशाळेतला मूलद्रव्यांचा तक्ता फडक्याने पुसला होता. ते औषध तुमच्या बाबतीत बसत नव्हतं, पण त्या दिवशी तुम्ही इतके खूश होता की मॅडमनाच वाईट वाटलं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "काकाजी, बेरियमवरून एक सांगायचंय."

परीक्षेच्या दिवशी तुम्ही अमोनियम म्हणालात. मी अल्कली घालून तापवलं, अमोनियाचा वास आला नाही. पुन्हा केलं, नाही आला. मग घाबरत ज्योतीवर धरलं, तर ज्योत पोपटी हिरवी झाली. ते बेरियम क्लोराइड होतं. तुमचं सॉल्ट चुकलं होतं, काकाजी. मी माझंच लिहिलं. इतकी वर्षं तुम्ही साऱ्या तालुक्याला सांगत फिरलात आणि मी मान खाली घालून हसत राहिले, कारण ते सांगताना तुम्ही किती सुंदर दिसायचात. तुम्हाला खऱ्या आकड्यांवर भाषण देणारी मी, तुमच्यापुढे दहा वर्षं खोटी वही भरत होते.

तुम्ही सलाईनचे थेंब मोजायला लागलात. मला वाटलं, दुखावलात.

"पुड्या बदलल्या असतीन," शेवटी म्हणालात. आणि मग एकदम उठून बसायला लागलात. "अवं पण मंग तुही पुडी कोणाले गेली? त्याले म्या बेरियम सांगतलं असन!"

दोन दिवस तुम्हाला चैन नव्हतं. काकूंकडून जुनी डायरी मागवलीत, फोन लावलेत आणि शेवटी तो सापडला, इतवारीतला टेम्पोवाला. तुम्ही फोनवर त्याची माफी मागितलीत. तो म्हणाला, "काकाजी, तुम्ही काय सांगतलं तेच मले ऐकू आलं नव्हतं. म्या शेजारच्याचं पाहून लिवलं." तुम्ही इतके हसलात, की फासळ्या दुखल्या आणि त्या दिवशीच्या वहीत सात लिहावे लागले. कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, 'हसणे'.

कारण तोपर्यंत तुम्ही खरं लिहू लागला होता. खरं म्हणजे फारच खरं. 'दुपारी चार वाजता सहा. शेकल्यावर साडेपाच.' अर्धे आकडे चालत नाहीत म्हटलं, तर म्हणालात, आम्ल मोजायच्या ब्युरेटीत चालतात, इथं काहून नाई? बाहेरच्या हॉलमध्ये बसून तुम्ही दुसऱ्यांच्या वह्या तपासायला लागलात. "दोन लिवलं काय? मग तोंड असं काहून केलं? खरं लिव बाप्पा, माह्ये पाय जाता जाता राह्यले." तुमच्या त्या तपासणीमुळे किती जणांनी आपलं दुखणं वेळेवर सांगितलं, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

चप्पल निघून पडली त्यानंतर दीड वर्ष तुम्ही स्वतःच्या पायांनी चाललात. संत्र्याच्या दोन बहारांना झाडांखाली फिरलात. मग ताणाची सवय झाली त्या रोगाला, तुम्ही म्हणाला होतात तशीच. दुसरं औषध काही महिने चाललं, मग तेही नाही. मॅडमनी तुम्हाला घरी जाऊ दिलं, मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. "अफू हाय काय ही?" तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकून म्हणालात, "मग आमच्या आज्याले माहीत होतं म्हणा सारं."

सॉल्ट सांगणं चूक की बरोबर, यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. तुमचं म्हणणं, तुला एकटीला स्वतः ओळखता आलं, बाकीच्या दहा जणांचं वर्ष वाचलं त्याचं काय? त्यातले दोन तुमच्या तेरवीला पुऱ्या वाढत होते. मला अजूनही सांगता येत नाही, काकाजी. मी कामावर नव्या पेशंटला वही देताना आता 'माझ्या कामाची आहे' असं म्हणत नाही. 'तुमच्या कामाची आहे' म्हणते. एवढं एक मी तुमच्याकडून शिकले, आणि ते शिकवायला तुम्हाला जवळजवळ पाय गमवावे लागले.

शेवटच्या रविवारी मी एसटीने आले. तुम्ही ओसरीवर खाटेवर होता. गाल बसलेले, डोळे मात्र हुशार. अभ्यासाची वही केव्हाच संपली होती, पण तुम्ही शाळेची एक जुनी वही घेऊन आकडे चालूच ठेवले होते. हाताला पेन धरवत नव्हतं, म्हणून मी घेतलं.

"दहापैकी किती, काकाजी?"

"शून्य."

मी पेन खाली ठेवलं. तुम्ही ओळखलंत.

"पाहून घे," म्हणालात.

मी पाहिलं. भुवया सैल होत्या. काकूंना विचारलं, रात्री उठवलं का? "नाई वं, एकडाव बी नाई." तुम्हाला कुशीवर वळायला सांगितलं, त्या खुब्याच्या कुशीवर, ज्यावर दोन वर्षं तुम्ही झोपला नव्हता. काकूंनी आणि मी हात दिला. तुम्ही वळलात, तोंड वाकडं केलं नाहीत आणि तसेच राहिलात. पाठीवरून हलकेच हात फिरवला. तुमचा श्वास अडखळला नाही.

"बरं वाटून राह्यलं," तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात. "असंच राहू दे."

मी शून्य लिहिलं. खाली सही केली. तुम्ही त्या कुशीवरच झोपून गेलात आणि माझी पाचची एसटी निघून गेली तरी मी तिथून उठले नाही.